सूर्याकडे पडलेली सावली

हडपसर, पुणे
१७ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरेश्वर यास,

आशीर्वाद. ते काही मी परत घेणार नाही, पण या वेळी हात जरा आखडता आहे.

फोन तू उचलत नाहीस. घरच्या ग्रुपवरून मला काढून टाकलंस. म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पोस्टमनला अजून ब्लॉक करता येत नाही, एवढी एक सोय शिल्लक आहे.

परवा अण्णाच्या तेराव्याला तुमच्या औदुंबर सोसायटीत आले, तेव्हा लिफ्टची वाट बघताना नोटीस बोर्ड वाचला. पाण्याच्या वेळा, पार्किंगच्या धमक्या, आणि मधोमध हा मोठा रंगीत फोटो. तुमचा रात्रपाळीचा वॉचमन वैजनाथ गेटाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून झोपलेला, मागे लालभडक सूर्य. खाली तुझ्या सहीनिशी मजकूर: ‘दिवस उजाडला तरी आमचे सुरक्षारक्षक झोपेतच. याच झोपेने माझ्या वडिलांचा बळी घेतला. सचिव.’

तुझे वडील म्हणजे माझा भाऊ होता, उत्तरेश्वर. त्या पहाटे तो एकटा गेटाबाहेर पडला, टेकडी चढला आणि बाकाजवळ कोसळला, हे तुला जेवढं डाचतं तेवढंच मला. पण म्हणून तू वैजनाथला कामावरून काढलंस, त्याच्या एजन्सीला कळवून दुसरीकडेही काम मिळू नये अशी तजवीज केलीस, वर पोलीस चौकीत अर्ज दिलास. आणि एवढ्या सगळ्याला पुरावा काय, तर हा फोटो.

तो फोटो सकाळचा नाही. संध्याकाळचा आहे. संध्याकाळी त्याची ड्यूटी सुरूसुद्धा झालेली नसते.

मी जन्मभर पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातलं थोडं तुलाही ऐकवते. खुर्चीमागे तुमचा प्राजक्त आहे. या दिवसांत सकाळी प्राजक्ताखाली पाय ठेवायला जागा नसते, इतका सडा पडतो. फोटोत खाली लख्ख फरशी आहे. कुंपणावर ती निळी वेल आहे, मॉर्निंग ग्लोरी म्हणता ना तुम्ही. तिची फुलं सकाळी तोंड वासून असतात आणि दुपारपर्यंत मिटतात. फोटोत सगळी मिटून चुरगळलेली आहेत. शेजारच्या स्कूटरच्या सीटवर दवाचा टिपूस नाही. उलट धुळीत कुणीतरी बोटाने नाव गिरवलं आहे.

तेव्हा फोटो काढ, अर्ज मागे घे आणि त्या माणसाला परत बोलाव. एका माणसाची भाकरी आणि अब्रू अशी बोर्डावर टाचून ठेवायची नसते.

विमलआत्या


औदुंबर सहकारी गृहरचना संस्था
सचिवांचे कार्यालय
२१ नोव्हेंबर २०२५

श्रीमती विमलाबाई यांस,

आपले पत्र मिळाले. संस्थेच्या नोटीस बोर्डाबाबत बाहेरच्या व्यक्तींच्या सूचना स्वीकारण्याची पद्धत नाही. तरीही आपण वयाने मोठ्या आहात म्हणून उत्तर देतो.

आमचे गेट पूर्वेला आहे. खुर्ची गेटाला पाठ करून ठेवलेली असते. म्हणजे फोटोत वॉचमनच्या मागे जो सूर्य दिसतो तो पूर्वेला आहे. पूर्वेला सूर्य उगवतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. आपल्या वनस्पतिशास्त्रात तो पूर्वेला मावळत असल्यास कृपया पुस्तकाचे नाव कळवावे, म्हणजे चौकीत सादर करता येईल.

फुलांचं म्हणाल तर आमचा सफाई कामगार कधी नव्हे ते लवकर आला असेल आणि सडा झाडला असेल. वेल आजारी असेल. दव पडलं नसेल. फुलांच्या साक्षीवर माणसं सोडायला मी काही ऋषी नाही.

माझे वडील गेले आहेत. आपण आलात, पुरणपोळी खाल्लीत आणि जाताना झाडं मोजून गेलात. धन्य आहे. वैजनाथला स्वतःला ‘मी जागा होतो’ असं म्हणण्याची छाती होत नाही. तो गप्प आहे. आपल्याला मात्र त्याचा पुळका.

हा विषय संस्थेच्या दृष्टीने संपला आहे.

उ. रं. मुंडे
सचिव


हडपसर
२६ नोव्हेंबर २०२५

चि. उत्तरेश्वर यास,

‘श्रीमती विमलाबाई’! वा. तुझ्या बारशाला तुझ्या कानात नाव मी सांगितलं, तेव्हा तुला माझा हुद्दा विचारायला हवा होता. आणि तेराव्याला मी पोळीला हातसुद्धा लावला नाही, ते तुझ्या बायकोला विचार.

तुझा प्रश्न मात्र बिनतोड होता, हे कबूल करते. सूर्य पूर्वेला, फुलं संध्याकाळची. दोन दिवस माझं डोकं चालेना. मग बसचा पास काढला, दोन बस बदलल्या आणि मावळतीच्या वेळेला तुमच्या गेटावर येऊन उभी राहिले. नव्या वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय? म्हटलं, कुणाकडे नाही, सूर्य बघायला आलेय. तो बिचारा बाजूला झाला.

पश्चिमेला टेकडी आहे. सूर्य तिच्यावर अजून हातभर होता. मी पाठ फिरवून पूर्वेला पाहिलं, तर तिथेही एक सूर्य! तसाच लाल, तसाच गोल. रस्त्यापलीकडे आधी भाजीवाल्या बसायच्या, तिथे आता तो काचेचा टॉवर उभा राहिलाय ना? त्याच्या काचेत. खरा सूर्य माझ्या पाठीमागे मावळत होता आणि काचेतला उगवल्यासारखा दिसत होता. हल्लीचे फोन मागचं सगळं पुसट करतात, त्यामुळे तुझ्या फोटोत टॉवर दिसत नाही, नुसता लाल गोळा दिसतो. झालं तुझं पूर्वेचं?

अजून झालं नसेल तर बोर्डासमोर उभा राहा आणि नीट बघ. वैजनाथच्या तोंडावर ऊन आहे. सूर्य खरंच त्याच्या पाठीमागे असता तर तोंड अंधारात गेलं असतं. आणि खुर्चीची सावली कुठे पडली आहे? त्या लाल गोळ्याकडे. सावली कधी सूर्याकडे पडते होय रे?

आता मला ज्याचा राग आला आहे ते लिहिते. अण्णा छापखान्यातून जुनी कॅलेंडरं घरी आणायचा. जेवणं झाली की चित्राखालचा मजकूर हाताने झाकायचा आणि विचारायचा, ‘बोला, सकाळ की संध्याकाळ?’ हरेल त्याने चहाची भांडी विसळायची. ‘आधी सावली बघा, मग झाडं बघा, सूर्याकडे सगळ्यात शेवटी. सूर्य फसवतो,’ असं सांगायचा. हा खेळ तू शाळेत जायच्या आधीपासून खेळलास. मी कॉलेजात शिकवत होते तरी तू मला हरवायचास. मी तुमच्या मोरीत बसून भांडी विसळली आहेत.

त्या घरातल्या मुलाला सूर्याकडे पडलेली सावली दिसली नाही? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं असतं. तुझं मी मानणार नाही. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

एकाच गोष्टीचं सरळ उत्तर दे. हा फोटो काढला कोणी?

आत्या


पुणे
३० नोव्हेंबर

आत्या,

‘आपण’ वगैरे खड्ड्यात गेलं. तुला भांडायचंच आहे ना? मग भांडू.

फोटो ग्रुपवर आला. कोणी काढला, कधी काढला, याची चौकशी करत बसायला मला वेळ नाही. मी रोज हिंजवडीला जातो. जाताना दीड तास, येताना दोन. त्यानंतर अमेरिकेचे कॉल. त्यानंतर अण्णा. त्यांची औषधं, त्यांची अंघोळ, त्यांचा हट्ट. रोजचा एकच हट्ट, मला टेकडीवर सोड, मला उगवता सूर्य बघायचाय. दोनदा पडले होते टेकडीवर. दुसऱ्यांदा खुब्याला मार लागला तेव्हा हॉस्पिटलात मी होतो. तू कुठे होतीस? हडपसरला, तुझ्या कुंड्यांना पाणी घालत. दिवाळीला यायचं, भावाशी गप्पा मारायच्या, ‘अण्णाला कोंडून ठेवू नका रे’ म्हणायचं आणि जायचं. चांगुलपणा तुझा आणि खस्ता आमच्या. कोंडलं नव्हतं मी त्यांना. जपलं होतं.

आणि तुझ्या त्या वैजनाथला मी एकदा नाही, शंभर वेळा बजावलं होतं. अण्णा एकटे खाली दिसले की आधी मला वर इंटरकॉम करायचा. मी सांगितल्याशिवाय गेट उघडायचं नाही. आपल्याच गावाकडचा, केजचा माणूस म्हणून अण्णा त्याच्याशी तासतासभर गप्पा मारायचे. तो जागा असता तर इंटरकॉम केला नसता का? नाही केला. म्हणजे झोपला होता. याला काच लागत नाही आणि सावली लागत नाही.

कॅलेंडरचा खेळ मला शिकवू नकोस. ते माझे वडील होते.

गेटावर सांगून ठेवलं आहे. परत आलीस तर आत सोडणार नाहीत.

उत्तरेश्वर


हडपसर
९ डिसेंबर २०२५

उत्तरेश्वर,

तुझ्या पत्रातलं बरंचसं खरं आहे. खस्ता तू काढल्यास. मी लांबून शहाणपण शिकवलं. ते मी गिळलं. त्यासाठी तू मला आणखी चार शब्द सुनावलेस तरी मी ऐकून घेईन.

पण इंटरकॉमचं वाचलं आणि मी उठले. या माणसाला आजवर कुणी विचारलं आहे का, की बाबा रे, तू त्या दिवशी इंटरकॉम केला होतास का? तू विचारलं नाहीस. चौकीतल्यांनी फोटो बघितला आणि विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी फुलं बघत बसले. म्हणून त्याच्या घरी गेले.

तुमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत पत्र्याची खोली आहे. भिंतीला लागून वेल्डिंगचं दुकान. दिवसभर ठणठण चालते, झोप येणं शक्यच नाही. म्हणून हा माणूस ड्यूटीच्या आधीच गेटावर येऊन खुर्चीत डुलकी काढायचा. हे तुमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. आता पोलीस दारात येऊन गेल्यापासून खोलीचा मालक खोली सोडा म्हणतो आहे.

त्याची बायको, सरुबाई, तिने मला दारातच अडवलं. “त्या सायबाची कोण तुम्ही?” म्हटलं, आत्या. “मग व्हा माघारी. तुमच्या घरचं मानूस गेलं म्हनून आमी रडलो हाय. आन तुमी आमच्या मानसाला चोरावानी भिताडाला लावलं.” मी खाली मान घालून उभी राहिले. मग वैजनाथ आतून म्हणाला, येऊ दे त्यांना, अण्णांची भैन हाय.

मी विचारलं, इंटरकॉम केला होतास का?

तो चिडला. माझ्यावर, तुझ्यावर, सगळ्यांवरच. म्हणाला, “केला होता की! न करून सांगतो कुनाला? अण्णा काठी घेऊन उभे. म्हनले, वैजू, उघड. मी म्हनलं, न्हाई, सायबाचा हुकूम हाय. आन वर लावला. सायब झोपेत होते. म्हनले, जाऊ दे रे त्यांना, मला झोपू दे. मग उघडलं गेट.” मी म्हटलं, अरे, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, “मयताच्या दिवशी म्हनू का पोराला, की तूच सोड म्हनलास? नंतर फोटो लावला. त्याच्यावर कुनाला सांगू? इंटरकॉमला काय साक्षीदार असतो व्हय?”

आणि फोटो कोणी काढला ते तुला माहीत नाही म्हणे. तुझ्या लेकीने, संस्कृतीने काढला. दिवाळीच्या आधी, एका संध्याकाळी, कॉलेजच्या कसल्याशा स्पर्धेसाठी. काढून झाल्यावर तिने वैजनाथला उठवून दाखवलासुद्धा, ‘काका, बघा झोपेत किती छान दिसताय.’ त्याने हसत हसत सांगितलं असेल पूर्वी सगळ्यांना. मला सांगताना हसला नाही.

म्हणजे तुझ्या मुलीला माहीत आहे की तो फोटो संध्याकाळचा आहे. रोज कॉलेजला जाताना ती लिफ्टपाशी उभी राहून बापाची सही वाचते. तिला तू काय सांगितलंस?

लाज वाटते मला. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ पाहिले, पण आपल्या घरात, अण्णाच्या घरात? मी चौकीत जाणार आहे. सावली, काच, फुलं, सगळं घेऊन जाणार आहे. त्याआधी तुला आठ दिवस देते, तेसुद्धा अण्णासाठी.

विमल


पुणे
१४ डिसेंबर

आत्या,

जा चौकीत. खुशाल जा.

हो. म्हणालो. ‘जाऊ दे रे त्यांना, मला झोपू दे.’ हेच शब्द. तू शब्द बरोबर लिहिलेस, एकही चुकला नाही. रोज आंघोळ करताना मला ऐकू येतात, बसमध्ये ऐकू येतात. कॉल संपवून नुकता डोळा लागला होता आणि तो इंटरकॉम कोकलला. मी फोन आपटला आणि कुशीवर वळलो. पुन्हा बेल वाजली तेव्हा टेकडीवरून माणसं आली होती.

तुला वाटतं मी आधीच ठरवून खोटं बोललो. नाही. पहिल्या दिवशी लोक भेटायला आले आणि प्रत्येकाने तेच विचारलं, अहो पण ते बाहेर पडलेच कसे? वॉचमन नव्हता का? मी गप्प राहिलो. मग कुणीतरी म्हणालं, झोपला असेल. मी त्यालाही काही बोललो नाही. संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी म्हणत होती, झोपला होता. आणि मला बरं वाटलं, आत्या. खरंच बरं वाटलं. तो झोपला असला तर इंटरकॉम झालाच नाही. इंटरकॉम झाला नाही तर मी काही म्हणालोच नाही. तो झोपलेला असला तरच मला जगता येतं.

मग संस्कृतीच्या फोनमध्ये तो फोटो सापडला. ग्रुपवर आला म्हणालो ते खोटं.

सावली मला पहिल्या नजरेत दिसली. अण्णांनी खेळात विचारलं असतं तर मी क्षणात ‘संध्याकाळ’ म्हणालो असतो. दिसली, तरी प्रिंट काढायला बुधवार पेठेत गेलो. मोठी काढा म्हणून सांगितलं.

संस्कृती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि जाते. तुला हेच हवं होतं ना? आता सगळ्यांसमोर सांग, याने बापाला मारलं. मीच सांगू का? सांग ना, काय करू मी? तुझ्या शहाणपणात याला काही औषध आहे का?

उत्तरेश्वर


हडपसर
१७ डिसेंबर २०२५

चि. उत्तू,

मी चिडलेलीच आहे, आणि चिडूनच लिहिते. मायेने लिहिलं तर तू ते पत्र उशाशी ठेवशील आणि बोर्ड तसाच राहील.

तू बापाला मारलेलं नाहीस. हे आधी डोक्यात घाल. अण्णा टेकडीवर जायचा म्हणून जगला इतकी वर्षं. त्या दिवशी तू ‘नाही’ म्हणाला असतास तर दुसऱ्या दिवशी गेला असता. तुझ्या सगळ्या वर्षभरातल्या बोलण्यात त्याला ऐकायचं होतं ते एकच वाक्य तू त्या पहाटे झोपेत बोललास. ‘जाऊ दे त्यांना.’ तो काठी टेकत गेटाबाहेर पडला तेव्हा खूश होता. वैजनाथनेच मला हे सांगितलं. म्हणाला, पोरावानी निघाले. हे वाक्य तू कुणापुढेही लपवायची गरज नव्हती. लोकांनी नावं ठेवली असती. ठेवू द्यायची.

पण वैजनाथचं जे केलंस, त्याला मी काही औषध देणार नाही. अण्णा गेला तेव्हा तू झोपेत होतास. वैजनाथला बुडवलंस ते पूर्ण जागेपणी, सावली दिसत असताना, मोठी प्रिंट मागून. त्याची तुला लाज वाटलीच पाहिजे, आणि ती मी हलकी करणार नाही.

तेव्हा रडणं आवर आणि ऊठ. चौकीत मी जायच्या आधी तू जा. एजन्सीला तुझ्या सहीने कळव. मग त्याच्या दारात जा. सरुबाई बोलेल ते ऐकून घे, मध्ये तोंड उघडू नकोस. आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. ज्या खिळ्यावर त्याची अब्रू टांगलीस, त्याच खिळ्यावर खरं टांग. शब्द मी सांगणार नाही. तुझे तू शोध.

‘काय करू’ म्हणून मला पुन्हा विचारू नकोस.

आत्या


पुणे
२८ डिसेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

चौकीतला अर्ज मागे घेतला. लेखी दिलं. तिथले साहेब म्हणाले, आधी कळलं नव्हतं का? मी म्हटलं, कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. एजन्सीचं पत्रही दिलं. त्याची प्रत घेऊन वैजनाथकडे गेलो.

सरुबाईंनी मला दारातच उभं केलं. पाणी विचारलं नाही. जे बोलल्या ते सगळी गल्ली ऐकत होती, वेल्डिंगवाल्यानेही काम थांबवलं. मी मध्ये बोललो नाही. वैजनाथला म्हटलं, परत ये. तो म्हणाला, “तुमच्या गेटावर आता न्हाई बसायचा मी.” मी बोर्डावर लावायचा कागद त्याला दाखवला. त्याने सावकाश, ओठ हलवत वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, “जितके दिस माझा फोटो व्हता, तितके दिस हे ऱ्हाऊ द्या. एक दिस कमी नगं.”

आमच्या कमिटीला ते मान्य नाही. सचिवाने बोर्डावर असलं काही लावणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही म्हणतात. मी राजीनामा दिला आणि कागद लावला. फोटो लावताना कुणाला प्रतिष्ठा आठवली नव्हती, हेही सांगितलं. भांडण झालं. उद्याही होईल. कुणी कागद काढला तर मी दुसरा लावणार आहे.

लावताना संस्कृती कॉलेजातून आली. लिफ्टपाशी उभं राहून तिने सगळं वाचलं. वर गेली आणि टाचण्यांचा डबा घेऊन खाली आली.

कागदावर काय लिहिलं ते तुला कळायला हवं, म्हणून खाली उतरवून काढतो.

तुझा,
उत्तू


सर्व सभासदांस,

या जागी सुरक्षारक्षक वैजनाथ यांचा झोपलेला फोटो लावला होता. तो फोटो संध्याकाळचा आहे, त्यांची ड्यूटी सुरू होण्याच्या आधीचा. मागचा सूर्य खरा नाही, समोरच्या टॉवरच्या काचेतला आहे. खुर्चीची सावली पाहिली असती तर कुणालाही कळलं असतं. मी पाहिली होती.

माझे वडील गेले त्या सकाळी वैजनाथ जागे होते. त्यांनी गेट उघडण्याआधी इंटरकॉमवर मला विचारलं होतं.

झोपलेला मी होतो.

उत्तरेश्वर रंगनाथ मुंडे